तक्रार : लाइनीत खरखर

तक्रारवहीत एवढंच होतं :
फालक, स्टेशन रोड, सावदा. लाइनीत खरखर.
नेट लावल्यापासून.

मे महिना. खांबाचं लोखंड हाताला धरू देत नव्हतं.
आधी डीपीचा डबा उघडला. आत गांधीलमाशीचं घर,
तिला तिच्या जागी ठेवून जोड तपासला. जोड चांगला.
पुढे तार केळीच्या पानाला घासत होती,
ती वर ओढून बांधली. तरी खरखर.
म्हणजे दोष माझ्या हद्दीत नव्हता,
उंबऱ्याच्या आत होता.

सुपडूअप्पा जिनिंगमध्ये काट्यावर होते, बत्तीस वर्षं.
अजून कुणी काही उचललं की डोळ्यांनीच वजन घेतात.
माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "साडेतीन किलो."
मग म्हणाले, "भो, ही सून दिवसभर त्या डब्याले लागून बसते,
अन् मले माह्या भावाचं काहीच ऐकू येत नई."
सून आतून म्हणाली,
"आणि यांनी फोन उचलला की माझी मीटिंग तुटते."
दोघांचंही खरं होतं.

मी सांगितलं ते असं :
तार एकच आहे, पाणी दोन आहेत.
बोलणं जातं तळातून, जड, सावकाश.
नेट जातं वरच्या अंगानं, पातळ, पळत.
फोनला वरचं पाणी नको असतं,
पण तो बिचारा अडवणार कशानं?
त्याच्या तोंडाशी कुणीतरी दारं धरावं लागतं.
ही डबी दारं धरते.
अप्पांनी डबी तळहातावर तोलली.
"पन्नास ग्रॅमबी नई," म्हणाले.

बैठकीतल्या फोनला एक लावली, स्वयंपाकघरातल्याला एक.
मोडेमच्या वाटेत लावायची नसते.
खरखर कमी झाली, गेली नाही.
अजून कुठे फोन आहे? नाही म्हणाले.
मी तार धरून भिंतीभिंतीनं चालत गेलो
मागच्या पत्र्याच्या खोलीत,
भरताच्या वांग्यांचे रिकामे क्रेट हलवले,
तर काळा, चकतीचा.
धाकट्यानं बसवलेला, लोटूनं,
सुरतेला जायच्या आधी, केळीचे भाव विचारायला.
घंटा केव्हाच मेलेली.
तार मात्र जिवंत, आणि बिनदाराची.
काढून टाकू?
अप्पा जरा थांबले.
"ऱ्हाऊ दे. त्यालेबी डबी लाव."

मग लाइन अशी झाली की मीच दचकलो.
इतकी स्वच्छ लाइन मी नोकरीच्या सुरुवातीला ऐकली होती.

चार वाजता अप्पांनी सुरत लावली,
सवयीनं ओरडले, "लोटू, जेवला का रे?"
"ओरडू नको दादा. आज ऐकू येते."
मग लोटू सांगत राहिला :
पोरगा चांगला हाये, सून जीव लावते,
उधन्याचा फ्लॅट थंड राहतो.
वर्षभर हेच सांगत होता, खरखरीतून.
आणि त्याच्या मागे, भोंग्यावर, कुणी बाई म्हणाली,
"बार नंबर, चौद नंबर, चा तैयार छे, बधा नीचे आवो."

अप्पांनी ऐकलं.
मीही ऐकलं. टेस्टिंगचा फोन अजून लाइनीवर होता,
काढायला हवा होता.
लोटू गप्प झालेला.
पंखा फिरत होता. सुरतेतला की सावद्यातला,
आता सांगता येत नव्हतं.

मग अप्पा पुन्हा ओरडले, पहिल्यापेक्षा जोरात,
"लोटू! आज लाइन भलती खराब हाये रे,
मले काहीच ऐकू आलं नई.
तू बोल. फ्लॅटचं काय म्हणत व्हता?"

फोन ठेवल्यावर मी वही पुढे केली.
दोष दूर झाला असेल तर इथे सही.
त्यांनी केली, नाव पूर्ण, मात्रेसकट.
डोळ्याला काही लावलं नाही, पुसलं नाही.
फक्त आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले,
"सूनबाई, तुह्या त्या डब्यात
सुरतेची गाडी दिसते का?
उद्याची."